चकवा : पक्षी आणि भूत

वैनगंगेकांठच्या पवनीपासून पश्चिमेस उमरेड-कऱ्हांडल्यापर्यंत पसरलेल्या रानांत चकवा या एकाच नांवाचे दोघे नांदतात. एक पंखांचा, दुसरा पंखांवांचूनच सर्वत्र पोहोंचणारा.

पंखांचा चकवा म्हणजे संस्कृत काव्यांतील चक्रवाक. अंग नारिंगी-तांबूस, डोकें फिकट, पंखांवर पांढरा पट्टा. दिवसा हें जोडपें वाळूवर जवळजवळ बसतें, आणि रात्र पडली कीं शापामुळें दोन तीरांवर विभक्त होऊन पहाटेपर्यंत एकमेकांस हांका मारीत राहतें, अशी कथा आहे. शाप कोणीं दिला याविषयीं कथाकारांत एकवाक्यता नाहीं. कालिदासापासून कवींनीं त्या विरहाचें भांडवल मात्र यथेच्छ केलें. वस्तुस्थिति थोडी रुक्ष आहे. हा पक्षी रात्रीं चरतो. धान्य, कोंवळे कोंब टिपतांना जोडीदार दूर गेला तर साद घालतो, आणि मोकळ्या पात्रावर ती साद लांबवर जाते.

दुसऱ्या चकव्याचें नांव चकविणें या क्रियापदाचें. पक्ष्याशीं त्याचा संबंध केवळ उच्चाराचा. तथापि अंधारांत दूरची हांक जवळ आल्यासारखी वाटते तेव्हां ऐकणाऱ्यानें दोघांची गांठ मारली, तर त्यास दोष देतां येत नाहीं. मोहफुलें वेंचावयास पहाटेपूर्वीं निघालेला माणूस ओळखीच्या वाटेनें चालत राहतो आणि तासाभरानें त्याच झाडाखालीं परत येतो. चकवा लागला म्हणतात तें हेंच. २००९ सालीं जर्मनींतील ट्युबिंगेन येथील माक्स प्लांक संस्थेचे यान सौमन व त्यांचे सहकारी यांनीं माणसांना अरण्यांत व सहारा वाळवंटांत चालावयास लावून पाहिलें. सूर्य वा चंद्र दिसे तोंवर तीं बरीच सरळ चाललीं. तो दिसेनासा होतांच वळूं लागलीं. अरण्यांत तर स्वतःचीच वाट पुनःपुन्हां ओलांडूनही त्यांस तें कळलें नाहीं.

म्हणूनच चकवा लागल्यास जागीं बसावें, तांबडें फुटेपर्यंत पाऊल उचलूं नये, हा जुन्या लोकांचा सल्ला भाबडा नव्हे. हें रान वाघांचें आहे. २०१२ सालीं त्याचें अभयारण्य झालें. वाट चुकणें येथें पायपिटीवर भागेलच असें नाहीं.

भूत रानांत टिकेल. पक्ष्याविषयीं तसें सांगवत नाहीं. त्याला उथळ पाण्यालगतची मोकळी वाळू हवी. १९८८ सालीं गोसीखुर्द धरणाची कोनशिला बसली आणि पुढें नदीचा मोठा भाग जलाशय झाला. उरलेल्या पात्रांतली वाळू ट्रक भरभरून जाते.

तिबेट व मंगोलियांतील बौद्ध या पक्ष्यास पवित्र मानतात, कारण त्याचा रंग भिक्षूंच्या चीवरासारखा. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननांत प्राचीन स्तूप उजेडांत आला. त्या स्तूपाच्या काळीं या घाटावर चीवर आणि चकवा एकाच वेळीं दिसत असतील.

फाल्गुन-चैत्रांत जोड्या उत्तरेकडे निघतात. हिमालय ओलांडतांना त्या ६,८०० मीटर उंचीपर्यंत चढल्याची नोंद आहे. वीण लडाख-तिबेटकडील कडेकपारींत होते. इकडे तेव्हां मोहाचीं फुलें गळूं लागलेलीं असतात, आणि रानांत दुसरा चकवा एकटाच उरतो.