रात्री चार्जिंगला लावलेला फोन का वाजतो?



नशिराबादसारख्या गावात मोबाईल दुरुस्तीच्या दुकानापुढे थोडा वेळ उभं राहिलं, की एक तक्रार कानावर पडतेच. ‘भो, फोन रात्री चार्जिंगला लावला की आपोआप वाजतो. उठून पाहावं तर ना कॉल, ना मेसेज.’ मग कोणी बॅटरी बदला म्हणतो, कोणी फोनमध्ये व्हायरस शिरला म्हणतो, आणि घरातल्या आजीबाईंना भानामतीची शंका येते. बॅटरी खराब असूही शकते. पण माझं सांगणं एवढंच, की खिशात हात घालण्याआधी घरातली वीज, पिन आणि वायर तपासा. फोन बिचारा बहुतेक वेळा खरं तेच सांगत असतो.

आधी आवाज कोणता, ते ओळखू. चार्जरची पिन फोनला लावली की ‘टुंग’ असा एक छोटा आवाज होतो आणि पडदा दोन-चार सेकंद उजळतो. वीज मिळू लागली, एवढाच त्याचा अर्थ. आता मध्यरात्री वीज डोळ्याचं पातं लवेपर्यंत तुटली आणि परत आली, तर फोनला वाटतं की कोणीतरी नव्यानेच पिन लावली. तो पुन्हा ‘टुंग’ म्हणतो. तुम्ही कूस बदलून हात लांब करेपर्यंत पडदा विझलेला असतो, आणि हा काही मेसेज नसल्यामुळे त्याची नोंदही सहसा कुठे दिसत नाही.

मग दिवसा असं का होत नाही? दिवसाही होतं. गलक्यात ऐकू येत नाही, आणि दिवसा फोन आपल्या हातात असतो. पण रात्रीचं खास कारण आपल्या खान्देशात आहे, आणि ते शेतात आहे. शेतीपंपांना थ्री फेज वीज चक्राकार पद्धतीने मिळते, कधी दिवसा ८ तास, कधी रात्री १० तास. रात्रीची पाळी असली की केळीला, कपाशीला पाणी भरायला कोण जागत बसणार? म्हणून विहिरीवरच्या स्टार्टरला ‘ऑटो’ बसवलेला असतो. लाइट आली की मोटार आपोआप सुरू. सोय मोठी आहे, पण तिचा परिणाम असा, की फीडरवर, म्हणजे त्या भागाच्या वीजवाहिनीवर, वीज येताच परिसरातल्या कितीतरी मोटारी एकाच क्षणी उठतात. मोटार चालू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. डीपीवर, म्हणजे रोहित्रावर, एकदम भार पडतो, व्होल्टेज खाली बसतं आणि थोड्या वेळाने सावरतं. ऑटो स्विच काढा आणि कपॅसिटर बसवा, असं महावितरण शेतकऱ्यांना वारंवार सांगत असतं, ते याच कारणाने. डीपी जळाली तर ऐन हंगामात पिकाला पाण्याचा ताण बसतो, त्यापुढे तुमच्या-माझ्या झोपेचं काय घेऊन बसलात!

कोणी म्हणेल, आमचं घर गावात आहे, गावठाणाचा फीडर वेगळा आहे. खरं आहे. पण दोन्ही फीडर बहुधा एकाच उपकेंद्रातून निघतात, त्यामुळे एकीकडचा हिसका दुसरीकडे थोडा का होईना जाणवतो. मळ्यात वस्ती करून राहणाऱ्यांना तर तो थेटच बसतो.

इथे चार्जरचा संबंध येतो. चार्जरवर बारीक अक्षरांत छापलेलं असतं, १०० ते २४० व्होल्ट. म्हणजे व्होल्टेज सावकाश १८० पर्यंत उतरलं तरी त्याला फरक पडायला नको, आणि चांगल्या चार्जरला पडतही नाही. त्याच्या पोटात जो कपॅसिटर असतो, तो क्षणभराचा खड्डा भरून काढतो. बाजारातल्या रस्त्याकडेच्या स्वस्त चार्जरात नेमकी तिथेच काटकसर केलेली असते. म्हणून एकाच घरात, एकाच बोर्डावर, मुलाचा फोन गप्प राहतो आणि वडिलांचा रात्रभर टुणटुणतो. चार्जर घेताना त्यावर भारतीय मानक ब्यूरोची खूण आणि ‘आर’ या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहा. तो क्रमांक खरा की खोटा, हे ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या ॲपवर तपासता येतं.

दुसरं ठिकाण म्हणजे भिंतीवरचा बोर्ड. वर्षानुवर्षं वापरून सॉकेटच्या आतल्या पितळी पट्ट्या सैल पडतात, चार्जर स्वतःच्या वजनाने पुढे झुकतो आणि पंख्याच्या कंपनानेही संपर्क सुटतो. मे महिन्यात त्यात गच्चीची भर पडते. आपल्याकडे दिवसाचा पारा पंचेचाळिशीला टेकतो, भिंती मध्यरात्रीपर्यंत तापलेल्या असतात, म्हणून माणसं अंथरूण घेऊन धाब्यावर जातात आणि मागोमाग बारीक वायरीचं लांबलचक एक्स्टेंशनही वर जातं. त्याला टेबलफॅन, त्यालाच तीन फोन. वायर जेवढी बारीक आणि लांब, तेवढं टोकाला व्होल्टेज कमी. शिवाय फोन उशीखाली! फोन तापला की तो स्वतःच चार्जिंग थांबवतो, गार झाला की पुन्हा घेतो. काही फोन तशी सूचना पडद्यावर देतात. आयफोन बनवणाऱ्या ॲपल कंपनीने तर फोन वापरायचं हवेचं तापमान शून्य ते ३५ अंश असंच सांगितलेलं आहे. खान्देशातला मे महिना त्यांनी पाहिलेला नसावा.

आता हे सगळं ओळखायचं कसं? युक्ती सोपी आहे. एक रात्र फोन भिंतीला न लावता पॉवर बँकेला लावा, केबल मात्र तीच ठेवा. पॉवर बँकेचा गावातल्या विजेशी संबंध नाही. आवाज बंद झाला, तर दोष चार्जर, बोर्ड किंवा वीजपुरवठ्यात आहे. आवाज तसाच राहिला, तर केबल किंवा फोन. फोन पूर्ण भरत आला की पॉवर बँक आपणहून बंद होऊ शकते, तो दोष धरू नका. दुसऱ्या रात्री फक्त केबल बदला, तिसऱ्या रात्री फक्त सॉकेट. सगळं एकदम बदललं, तर आवाज थांबेल, पण कशाने थांबला ते कळणार नाही.

केबल बदलूनही भागलं नाही, तर फोनच्या चार्जिंगच्या भोकात टॉर्च मारून पाहा. शेतात, जिनिंगमध्ये, कापसाच्या गाडीवर काम करणाऱ्याच्या खिशातल्या फोनमध्ये कापसाचे तंतू आणि धूळ दाबून दाबून गच्च बसते. पिन आत गेल्यासारखी वाटते, पण पुरती जात नाही. फोन बंद करून लाकडी दातकोरणीने अलगद कचरा काढा. सुई, टाचणी नको. पावसाळ्यात त्याच भोकात ओल राहते. नवे फोन ती ओळखतात, मोठ्याने इशारा देतात, पाण्याच्या थेंबाचं चित्र दाखवतात आणि चार्जिंग नाकारतात. अशा वेळी फोन तांदळाच्या डब्यात खुपसण्याची पद्धत आहे. ती करू नका, बारीक कण आत जातात. तांदूळ नको म्हणजे दादर ज्वारी चालेल, असंही नाही. चार्जिंगचं भोक खाली करून फोन हलकेच झटका आणि वाऱ्यावर ठेवा.

आवाज ‘टुंग’ नसून नेहमीच्या मेसेजसारखा असेल, तर शोध वेगळा. फोन चार्जिंगला आणि वाय-फायला असला की तो रात्रीची कामं उरकतो. ॲप अद्ययावत होतात, फोटोंचा बॅकअप जातो आणि त्यातलं एखादं ॲप सूचना देऊन ती मागेही घेतं. ॲंड्रॉइडच्या अकराव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन हिस्ट्रीची सोय आहे. ती आधी चालू करून ठेवावी लागते. मग गेल्या २४ तासांत कोण केव्हा बोललं, ते वेळेसकट दिसतं. झोपताना ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावलं की हा त्रास संपतो. शेतकऱ्याने मात्र एक अपवाद करावा. विहिरीवर सिमकार्डवाला मोबाईल स्टार्टर असेल, तर लाइट आली, फेज गेला, मोटार कोरडी चालली, हे तो कॉल करूनच सांगतो. अनोळखी नंबर म्हणून ज्याच्यावर चिडलात, ती तुमचीच मोटार असायची! तो नंबर नावाने सेव्ह करा.

भानामतीबद्दलही सांगून टाकतो. चार्जिंगला लावलेला फोन कधीकधी आपोआप ॲप उघडतो, आकडे दाबतो. पडदा बोटाचा स्पर्श विजेच्या अगदी सूक्ष्म बदलावरून ओळखतो, आणि हलक्या चार्जरमधून येणारी अशुद्ध वीज त्याला बोटासारखी भासते. पिन काढताच भूत गेलं, तर चार्जर फेकून द्या.

एक आवाज मात्र बंद करू नका. २० जुलै २०२३ ला दिवसाढवळ्या अनेकांचे फोन एकदम भोंग्यासारखे वाजले होते, आठवतं? ती केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची आपत्कालीन इशाऱ्याची चाचणी होती. हा इशारा मोबाईल टॉवरवरून त्या भागातल्या सगळ्या फोनवर एकाच वेळी पाठवता येतो. आपल्याकडे वादळी पाऊस आहे, विजा आहेत, हतनूर धरणाचे ४१ दरवाजे आहेत आणि खाली तापीकाठची गावं आहेत. सेटिंग्जमधली आपत्कालीन सूचना चालूच असू द्या.

आणि शेवटी, फोन टुणटुणत असताना घरातला एक दिवा भगभगून उजळला आणि दुसरा मंद पडला, पंख्याचा आवाज बदलला, तर फोनचा विचार सोडा. खांबावर किंवा मीटरपाशी न्यूट्रल सैल झालेला असू शकतो, आणि तसं असेल तर घरात २३० च्या जागी कितीतरी जास्त व्होल्ट शिरू शकतात. मेन स्विच पाडा, स्वतः वायरीला हात लावू नका आणि त्याच रात्री १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवा.