बिल कमी, म्हणजे घर चांगलं?

(मंडळाच्या संक्रांतीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



तिळगूळ झाला, आता थोडं विजेविषयी बोलू. आपल्यापैकी पुष्कळांची मुलं जर्मनी-हॉलंडकडे आहेत. फोनवर सांगतात, "बाबा, नव्या घरात हीटिंग जवळजवळ लागतच नाही." इथे ग्वाल्हेरच्या जानेवारीत पारा पाच-सहावर आलेला असतो, आपण रजईतून हात काढून वीजबिल शोधतो, आणि तुलना सुरू होते. ती करावी कशी, एवढंच आम्ही सांगणार आहोत.

जर्मनीत डार्मस्टाट गावी १९९१ साली एकाला एक लागून चार घरांत कुटुंबं राहायला आली. ही घरं उभी करण्यात पुढाकार वोल्फगांग फाइस्ट या भौतिकशास्त्रज्ञाचा. ते स्वतःही त्यातल्याच एका घरात राहायला गेले. भिंतींना पाव मीटरहून जाड उष्णतारोधक थर, खिडक्यांना तीन-तीन काचा, फटी कुठेच नाहीत. बाहेर जाणारी शिळी हवा आपली ऊब आत येणाऱ्या ताज्या हवेला देऊन जाते. या घरांना वर्षाकाठी दर चौरस मीटरला साधारण १० युनिट उष्णता पुरली. पुढे अशा घरांसाठी १५ युनिटांची मर्यादा ठरली. तिथल्या जुन्या घरांना दीडशे-दोनशे सहज लागतात.

आता आपला हिशेब. आम्ही डिप्लोमावाले, म्हणून तो साधाच आहे. २००० वॅटचा हीटर रोज ५ तास चालला की १० युनिट. दोन महिने धरले तर ६००. साधा हीटर एका युनिट विजेतून एकच युनिट उष्णता देतो, म्हणून हे आकडे डार्मस्टाटच्या आकड्यांशेजारी ठेवता येतात. (मुलाकडे हीट पंप असेल तर त्याचं बिल असं थेट लावू नका. तो एका युनिटात साधारण तीन युनिटांची ऊब घरात आणतो.)

हे ६०० युनिट भागायचे कशाने? हीटर ज्या बारा बाय बाराच्या खोलीत आहे, तिचे होतात सुमारे १३ चौरस मीटर. म्हणजे मीटरला ४५ युनिट, जर्मनांच्या चौपटीहून जास्त, आणि तेही दोनच महिन्यांत! पण बाराशे चौरस फुटांच्या सगळ्या घराने भागलं तर आकडा येतो साडेपाच. आता जर्मन हरले!

हरले कुठले? तिकडे शून्याजवळच्या थंडीत सगळं घर महिनोन्‌महिने वीस अंशांवर असतं. आपल्याकडे एक खोली संध्याकाळपुरती उबदार, आणि मागच्या खोलीत आजी दोन शाली, कानटोपी आणि मोजे घालून बसलेली. बिल कमी आलं ते भिंतींमुळे नव्हे, आजीमुळे.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. केंब्रिजच्या दोन संशोधकांनी २०१२ मध्ये जर्मनीतल्या हजारो घरांचे आकडे तपासले. कागदावरच्या हिशेबापेक्षा प्रत्यक्ष वापर सरासरी ३० टक्के कमी निघाला. घर जितकं गळकं, तितकी ही तफावत मोठी. गरम करणं परवडत नाही तिथे माणसं एखादीच खोली तापवतात, बाकी सोसतात. म्हणून अशी घरं सुधारली तरी बिल अपेक्षेइतकं उतरत नाही. पण घरातला माणूस उबेत येतो, आणि आमच्या मते तोच खरा फायदा.

तेव्हा बिलाच्या आधी खोलीचं तापमान पाहा. साधा भिंतीवरचा थर्मामीटर आणा आणि तो बैठकीत नाही, घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाच्या पलंगाजवळ लावा. जागतिक आरोग्य संघटना थंडीत घरात किमान १८ अंश असावेत असं सांगते. आपल्या लष्करातल्या जुन्या वाड्यांत पहाटे हा आकडा पाहून बऱ्याच सुना-मुलांना धक्का बसेल. वीस वर्षं "आईला सवय आहे" म्हणत आलेलो असतो आपण!

मग दाराखालच्या फटी बुजवा, खिडकीला जाड पडदा लावा, रात्री हीटर त्या खोलीत न्या. दोनशे युनिट वाढले तर वाढू देत.

एक मात्र सांभाळा. फटी बुजवलेल्या खोलीत कोळशाची शेगडी कदापि ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, झोपलेला माणूस जागाही होत नाही. जुन्या वाड्यात फटींतून वारा यायचा म्हणून निभावलं. शेगडी पेटवायचीच तर अंगणात पेटवा, सगळे भोवती बसा, आणि विझल्यावरही ती रात्री आत आणू नका.