जुनी आज्ञावली, नवा संगणक

अंधेरी-घाटकोपरच्या गल्ल्यांतून लग्नपत्रिका, स्मरणिका व सोसायट्यांचे अहवाल जुळवून देणारीं छोटीं डी. टी. पी. दुकानें आपण पाहिलीं असतील. एखाद्या दुकानाच्या कोपऱ्यांत फार जुना संगणक जपून ठेवलेला दिसला, तर त्याची थट्टा करण्यापूर्वीं कारण समजून घ्यावें.

युनिकोड ही सर्वमान्य संकेतपद्धति रूढ होण्यापूर्वीं मराठी टंक एका युक्तीनें चालत. रोमन अक्षरांसाठीं ठरलेल्या क्रमांकांवर देवनागरीचे काने, वेलांट्या व अर्धीं अक्षरें बसविलेलीं असत. पडद्यावर 'क' दिसला, तरी फाइलींत नोंद एखाद्या रोमन अक्षराचीच! शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. टंक हरवला कीं मजकुराच्या जागीं निरर्थक रोमन अक्षरें उरतात. युनिकोडनें १९९१ सालींच देवनागरीला स्वतःचे क्रमांक दिले होते. पण छपाईच्या धंद्यांत मुरलेल्या पेजमेकरला ते उमजत नसत, म्हणून जुनी रीत टिकली.

आतां अडचण अशी कीं, ६४-बिट विंडोजवर १६-बिटांच्या आज्ञावल्या मुळींच चालत नाहींत. कांहींना प्रिंटरच्या खोबणींत खोचावयाचें कुलूप लागतें, आणि नव्या संगणकाला ती खोबणच नसते. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. नवें यंत्र अवश्य घ्यावें. जुनें भंगारांत देण्याची घाई मात्र नको.

आपल्या उपनगरी रेल्वेनें १,५०० व्होल्ट डी. सी. सोडून २५,००० व्होल्ट ए. सी. स्वीकारली, ती दोन्ही विजांवर धावणाऱ्या गाड्या मधल्या काळांत वापरून. हार्बर मार्गावर हें स्थित्यंतर २०१६ सालीं पुरें झालें. संगणकांतही असा दुवा आहे. नव्या यंत्राच्या पोटांत जुनें विंडोज चालवितां येतें. त्यास आभासी यंत्र म्हणतात. तें इंटरनेटपासून तोडून ठेवावें, कारण त्याच्या सुरक्षेची डागडुजी आतां कोणी करीत नाहीं. तेथें फाइली उघडून मजकूर परिवर्तकानें युनिकोडांत उतरवावा. केवळ पी. डी. एफ. काढून भागत नाहीं. ती दिसते ठीक, पण तींतील मराठी शब्द शोधूं जातां सांपडत नाहीं.

परिवर्तकावर मात्र आंधळा विश्वास नको. जुन्या टंकांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधीं व रफार नंतर टंकलेला असतो. तेथेंच तो चुकतो. या खोड्या ओळखणारे जुळारी आतां निवृत्त होत आहेत. संस्थांनीं आपले जुने अहवाल त्यांच्या हातून तपासून घ्यावेत, आणि तेंही येत्या वर्ष-दोन वर्षांत.