बार्शी लाईटचे नोकर

कुर्डुवाडीस मोठी गाडी सोडावयाची, लहान गाडींत बसावयाचें आणि पंढरपूर गांठावयाचें, हा प्रवास श्रोत्यांपैकीं पुष्कळांच्या वाडवडिलांनीं केला असेल. बार्शी लाईट रेल्वे ती हीच. तिच्या दोन रुळांमधील अंतर अवघें २ फूट ६ इंच. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नांवाच्या इंग्रज इंजिनियरानें ती आंखली. १८९५ सालीं लंडनमध्यें कंपनी उभी राहिली आणि १८९७ सालीं कुर्डुवाडी ते बार्शी हा पहिला टप्पा सुरू झाला. कोणत्याहि आंसावर ५ टनांहून अधिक भार पडूं द्यावयाचा नाहीं, या एका नियमावर कॅलथ्रॉपनें सारी रचना बेतली होती. त्यामुळें हलक्या रुळांवरूनहि भरपूर माल नेतां येई. पुढें हा मार्ग पूर्वेस लातूरपर्यंत आणि पश्चिमेस पंढरपुरावरून मिरजेपर्यंत वाढून सुमारें २०२ मैलांचा झाला. कापूस आणि वारकरी हीं त्या गाडीचीं दोन मोठीं गिऱ्हाइकें.

आजची हकीकत मात्र ती गाडी चालविणाऱ्यांची आहे. ड्रायव्हर, फायरमन, गार्ड, सांधेवाले, रुळांची निगा राखणारे गँगमन, कुर्डुवाडीच्या कारखान्यांतले फिटर, स्टेशनांवरचे बाबू आणि कचेरींतले कारकून हा सारा परिवार एका कंपनीच्या नोकरींत होता. मालक लंडनमध्यें, रूळ सोलापुराकडे आणि पोट या रुळांवर, अशी ती व्यवस्था अर्धशतकाहून अधिक काळ चालली.

कंपनीचा सरकाराशीं झालेला करार १८९५ सालचाच होता आणि योग्य ती नोटीस देऊन रेल्वे विकत घेण्याचा हक्क त्यांत सरकारनें राखून ठेविला होता. १९५२ च्या डिसेंबरांत तो हक्क बजावण्यांत आला. १ जानेवारी १९५४ पासून बार्शी लाईट सरकारच्या ताब्यांत यावयाची होती. रेल्वे देशाची झाली याबद्दल कोणाला दुःख होण्याचें कारण नव्हतें. नोकरांनाहि तें झालें नसावें. परंतु ११ नोव्हेंबर १९५३ रोजीं कंपनीनें त्यांना एक नोटीस दिली. ३१ डिसेंबरच्या दुपारपासून सर्वांची नोकरी संपुष्टांत येत आहे. जे राजी असतील त्यांना कामावर घेण्याचा सरकारचा विचार आहे. अटी मागाहून कळविण्यांत येतील, असा तिचा मजकूर होता. तीस वर्षें इंजिनासमोर होरपळलेला ड्रायव्हर आणि नुकताच लागलेला खलाशी या दोघांचेंहि कंपनीशीं असलेलें नातें एकाच दुपारीं तुटणार होतें. आणि ‘मागाहून’ या शब्दावर संसार कसा चालवावा, हें त्या नोटिशींत कोठेंहि लिहिलेलें नव्हतें.

सरकारनें बहुसंख्य नोकरांना पुन्हां कामावर घेतलें, हें येथें सांगितलेंच पाहिजे. कांहींना पूर्वींच्या अटी मिळाल्या नाहींत. कांहींनीं नव्या अटी पत्करल्या नाहींत. पण खरा वाद याहून खोल होता. मागल्या वर्षांचें काय? गाडी तीच, शिट्टी तीच, सांधा धरणारा हातहि तोच. मग त्या हातानें आजवर केलेली चाकरी कोणाच्या खात्यावर मांडावयाची? रूळ, डबे, इंजिनें, पूल या सर्वांची किंमत कराराप्रमाणें ठरत होती. नोकरांच्या वर्षांची किंमत मात्र करारांत नव्हती.

ती एका कायद्यांत आहे असें कामगारांचें म्हणणें होतें. औद्योगिक विवाद कायद्यांत त्याच वर्षीं दुरुस्ती होऊन २४ ऑक्टोबर १९५३ पासून असा नियम झाला होता कीं, नोकरकपातींत काढलेल्या कामगाराला त्यानें पुऱ्या केलेल्या दर वर्षामागें १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा. वीस वर्षें नोकरी झालेल्या माणसाला यानें ३०० दिवसांचा, म्हणजे जवळजवळ दहा महिन्यांचा पगार मिळावयाचा. कपातीच्या व्याख्येंत ‘कोणत्याहि कारणानें’ असे शब्द स्पष्ट घातलेले होते. कंपनीची नोटीस हा नियम लागू झाल्यानंतर तीन आठवड्यांच्या आंत निघालेली. के. एन. जोगळेकर यांच्या नांवें कामगारांची बाजू न्यायालयांत गेली आणि मुंबईच्या उच्च न्यायालयानें ती उचलून धरली.

कंपनी सर्वोच्च न्यायालयांत गेली. बडोद्याच्या एका बंद पडलेल्या गिरणीचें अपीलहि तेथेंच होतें. दोहोंचा निकाल २७ नोव्हेंबर १९५६ रोजीं एकत्र लागला. न्यायमूर्ति एस. के. दास यांनीं दिलेल्या निकालाचा आशय असा कीं, कपात म्हणजे चालू धंद्यांतील जादा माणसें कमी करणें. धंदाच बंद पडला किंवा तो खरोखरीच दुसऱ्याच्या हातीं गेला, तर जादा माणूस आणि कमी माणूस हा प्रश्न उरतच नाहीं. ‘कोणत्याहि कारणानें’ हे शब्दहि त्या मर्यादेंतच वाचावयाचे. तेव्हां भरपाई नाहीं. शब्दांचा अर्थ लावण्याच्या दृष्टीनें या युक्तिवादांत खोट काढणें कठीण आहे. पण एक जादा कारकून काढला तर त्याला पैसे मिळावे आणि सारी कचेरी एकदम काढली तर कोणालाहि मिळूं नयेत, हें न्यायाच्या ताजव्यांत कसें बसावें?

आणि दुसरी वाट त्याच वर्षीं याच देशांत चोखाळलेली होती. १९५३ च्या ऑगस्टांत खाजगी विमान कंपन्या सरकारनें घेतल्या. त्या वेळीं संसदेनें केलेल्या कायद्यांतच कलम घातलें गेलें कीं, १ जुलै १९५२ च्या आधींपासून कामावर असलेला नोकर नव्या महामंडळाचा नोकर होईल आणि त्याचा पगार व इतर अटी, रीतसर बदलल्या जाईपर्यंत, पूर्वींच्याच राहतील. बार्शी लाईट विकत घेतली गेली ती जुन्या कराराच्या कलमानें. त्या कराराच्या वेळीं गँगमनची आठवण कोणी ठेवावी? आकाशांतल्या नोकराला जें मिळालें तें जमिनीवरच्याला मिळालें नाहीं, याचें कारण एवढें साधें आहे.

निकालानें देशभर खळबळ झाली. १९५७ च्या एप्रिलांत वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षीं त्याचा कायदा झाला. धंदा दुसऱ्याच्या हातीं गेल्यास, निदान एक वर्ष सलग काम केलेल्या कामगाराला कपातीप्रमाणेंच नोटीस व भरपाई मिळेल, असें त्यांत ठरलें. त्याला अपवाद एकच: नोकरींत खंड पडला नसेल, अटी पूर्वींपेक्षां वाईट नसतील, आणि पुढें कधीं काढलेंच तर जुनीं वर्षें धरून भरपाई देण्यास नवा मालक बांधलेला असेल, तर भरपाई नाहीं. हा कायदा मागील तारखेपासून लागू केला गेला. ती तारीख होती २८ नोव्हेंबर १९५६, म्हणजे निकालाचा दुसरा दिवस. ज्यांच्या भांडणामुळें देशांतल्या सर्व कामगारांना हें संरक्षण लाभलें, त्या बार्शीवाल्यांच्या नोकऱ्या १९५३ सालीं संपलेल्या. ते तेवढे कुंपणाबाहेर राहिले.

संरक्षण मिळालें तरी तें पैशाचें, नोकरीचें नव्हे. आंध्रांतील अनकापल्ले येथील एक साखर कारखाना सहकारी संस्थेनें विकत घेतला, तेव्हां नव्या मालकानें आम्हांस कामावर घ्यावें असा कामगारांनीं दावा केला. १९६२ सालीं न्यायमूर्ति गजेंद्रगडकर यांनीं, म्हणजे आपल्या साताऱ्याच्या सुपुत्रानें, तो अमान्य केला: भरपाई जुन्या मालकाकडून घ्यावी; नव्याच्या दारीं नोकरीचा हक्क सांगतां येत नाहीं. शिक्षकांच्या पदरीं या कायद्यानें एवढेंहि पडलें नाहीं. शिक्षक हा कायद्याच्या अर्थानें कामगार नव्हे, असें गोव्याच्या एका शिक्षिकेच्या खटल्यांत १९८८ सालीं ठरलें. जुना कायदा जाऊन २०२० ची औद्योगिक संबंध संहिता आली, तिनेंहि मालकी बदलण्याविषयींची ही तरतूद पुढें चालविली आहे.

मात्र या तरतुदीला एक चोरवाट आहे आणि ती शहरांतल्या कचेऱ्यांना चांगली ठाऊक असते. नवी व्यवस्था येण्यापूर्वीं टेबलावर दोन कागद येतात. एक राजीनाम्याचा, दुसरा नव्या नेमणुकीचा. ‘निव्वळ उपचार आहे, सगळ्यांनींच सह्या केल्या आहेत,’ असें हंसून सांगितलें जातें. पण आपखुषीनें सोडलेली नोकरी ही कपात धरली जात नाहीं, आणि पहिल्या कागदावर सही झाली कीं आपण ती खुषीनें केली नव्हती हें शाबीत करण्याचा बोजा सही करणाऱ्याच्याच शिरावर येतो. दुसऱ्या कागदावर नोकरीचा आरंभ म्हणून कोणती तारीख घातली आहे, तें पाहण्यास फार तर अर्धें मिनिट लागतें. बार्शी लाईटच्या नोकरांपुढें निदान असा कागद आला नव्हता. त्यांना उघड नोटीस मिळाली होती.