न दिसणारा उजेड आणि हिशोबाचा ताळा



गटाच्या बैठकीत आपल्या सतरंजीवर काय काय असतं? पैशांची पेटी, हजेरीची वही, पासबुकं आणि कॅल्क्युलेटर. आज या कॅल्क्युलेटरच्या एका जातभाईची गोष्ट सांगते.

१९८६ साली अमेरिकेतल्या ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीनं एचपी-१८सी नावाचं कॅल्क्युलेटर काढलं. त्यात एक बारीक एलईडी दिवा होता. समोर साधारण दीड फुटाच्या आत छोटा प्रिंटर ठेवला, की हिशोब कागदाच्या पट्टीवर छापून यायचा. मध्ये वायर नाही, काही नाही!

हा दिवा लागलेला मात्र कुणाला दिसायचा नाही. तांबड्या रंगाच्या पलीकडचा हा उजेड. त्याला अवरक्त किंवा इन्फ्रारेड म्हणतात. आपल्या टीव्हीच्या रिमोटमध्येही तोच असतो. खात्री करायची आहे? मोबाईलचा कॅमेरा सुरू करा, रिमोटचं टोक त्याच्याकडे धरा आणि बटण दाबा. डोळ्यांना काही दिसणार नाही, पण स्क्रीनवर जांभळट ठिपका लुकलुकेल. मागच्या कॅमेऱ्यात नाही दिसला, तर सेल्फीच्या कॅमेऱ्यात बघा.

दिवा झपाट्यानं लुकलुकतो आणि त्या खुणांतून आकडा पुढे जातो. अडचण अशी, की तो प्रिंटर नुसता ऐकणारा होता. 'नीट कळलं नाही, परत सांग' असं त्याला म्हणता यायचं नाही. मध्ये हात आला, नाहीतर कडक ऊन पडलं, की खूण हरवणार. उन्हातही हा उजेड भरपूर असतो ना!

मग त्यांनी काय केलं? प्रत्येक अक्षराच्या ८ खुणांसोबत ४ खुणा जादा पाठवल्या. त्या कशासाठी? शाळेत गणिताचा ताळा करायचो ना, तशा ताळ्यासाठी. एखादी खूण हरवली, तरी प्रिंटर त्यावरून ती ओळखायचा. पुढे १९९० च्या एचपी-४८एसएक्समध्ये दोन कॅल्क्युलेटर समोरासमोर ठेवून एकमेकांशी बोलूही लागली.

हाच उजेड आपल्या विजेच्या मीटरपर्यंतही आला. महावितरणनं राज्यात इन्फ्रारेड मीटर बसवले होते. हातातलं यंत्र मीटरसमोर धरलं, की रीडिंग त्यात उतरायचं. लिहिणाऱ्याची चूक टळायची.

पण बायांनो, एक गोष्ट ध्यानात घ्या. हा ताळा आकडा पोचवण्याचा आहे, आकडा खरा असल्याचा नाही. ५०० च्या जागी ५० दाबले, तर यंत्र ५० च इमानदारीनं पोचवणार.

तेव्हा यंत्राचा ताळा यंत्रानं करावा, आपला आपण. वीजबिल आलं, की चालू रीडिंगमधून मागील रीडिंग वजा करा आणि युनिट जुळतात का पाहा. आजचा मीटरवरचा आकडा बिलातल्या चालू रीडिंगपेक्षा कमी दिसला, तर लगेच विचारा. बैठकीतही एकीनं आकडे मोठ्यानं वाचावेत, दुसरीनं बेरीज करावी, तिसरीनं पेटीतली रक्कम मोजावी. तिन्ही जुळलं, तरच सह्या. लिहिता-वाचता न येणाऱ्या मावशीनंही आपला हप्ता पासबुकात किती लिहिला, हे विचारून घ्यावं. विचारणं म्हणजे अविश्वास नव्हे. चार जादा खुणांचं काम तेच तर होतं.