ई-गाडी सांभाळताना : चावी कोणाकडे?

(कळमनुरी तालुक्यातील वाड्यांवर मालवाहू ई-गाडी चालवणाऱ्या बचत गटांच्या प्रशिक्षण शिबिरातील भाषण)



आज बॅटरीवर चालणारी गाडी कशी चालवायची आणि कशी सांभाळायची, हे सांगायला मी उभी आहे. पण आधी एक चूक कबूल करते, कारण ती चूक माझी होती.

आपल्या पहिल्या गटाची गाडी आली तेव्हा वाडीत केवढा आनंद झाला होता! दिवाळीनंतर निम्मी वाडी ऊसतोडीला गेली. गाडी आमच्या केंद्रामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली आणि चावी माझ्या टेबलाच्या खणात. मला वाटले, गाडी चाललीच नाही तर तिचे बिघडणार काय? चार महिन्यांनी माणसे परत आली. हळद शिजवून, वाळवून तयार होती. चावी फिरवली तर दिवासुद्धा लागला नाही. मिस्त्रीने झाकणे उघडली. आतल्या प्लेटा कोरड्या, पांढऱ्या पडलेल्या. तो म्हणाला, "ताई, चारही गेल्या."

त्या हंगामात बायकांनी हळदीचे ओझे पुन्हा डोक्यावर घेऊन डांबरी रस्ता गाठला. पुढे टेम्पोचे भाडे भरले. गटाचा हप्ता थकला. मी धर्मशास्त्राची पदविका घेतली आहे. दुसऱ्याची ठेव सांभाळणाऱ्या कारभाऱ्यावर मी तेव्हा चांगला लांबलचक निबंधही लिहिला होता. पण बॅटरीत पाणी घालायचे असते हे मला ठाऊक नव्हते आणि मी कोणाला विचारलेही नव्हते. त्यानंतर मात्र मी विचारत गेले, मिस्त्रीजवळ बसले, स्वतः गाडी चालवायला शिकले. ते शिकलेले आज तुमच्यासमोर मांडते.

आधी बॅटरी

आपल्या बहुतेक गाड्यांत १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात, म्हणून ४८ व्होल्ट. बैलजोडीत एक बैल लंगडला की दुसऱ्याची चाल मोडते. इथेही चारातली एक अशक्त झाली की बाकीच्या तिघींना ती ओढत नेते.

या शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या आहेत. चार्जिंग होताना आतले पाणी कमी होते. म्हणून दर पंधरा दिवसांनी, आणि चैत्र-वैशाखात दर आठवड्याला, झाकणे उघडून पाहायचे. प्लेटा पाण्याखाली बुडालेल्या दिसल्या पाहिजेत. पाणी घालायचे ते फक्त डिस्टिल्ड वॉटर. बोअरचे नाही, नळाचे नाही, फिल्टरचेही नाही. आपल्या बोअरच्या पाण्याने हंड्याला पांढरा थर धरतो ना, तसले क्षार आत गेले तर बॅटरीचे आयुष्य कमी होते. ॲसिड तर कधीच घालायचे नाही. पाणी घालण्याची वेळ चार्जिंग पूर्ण झाल्यावरची. आधी काठोकाठ भरले तर चार्जिंगमध्ये ते उतू जाते आणि ॲसिड बाहेर येते. प्लेटा उघड्याच पडल्या असतील तर मात्र आधी त्या बुडतील एवढेच घाला, चार्ज करा आणि मग उरलेले घाला.

संध्याकाळी घरी आलात की गाडी चार्जिंगला लावा, पण लगेच नाही. उन्हातून आलेली बॅटरी तापलेली असते. तिला अर्धा-पाऊण तास सावलीत निवू द्या. आणि अर्धी रिकामी बॅटरी 'उद्या बघू' म्हणून तशीच ठेवू नका. रिकामी राहिली की तिच्या प्लेटांवर कडक थर बसतो आणि मग ती पूर्ण भरतच नाही. माझ्या खणातल्या चावीने हेच केले.

काही नव्या गाड्यांत लिथियमची बॅटरी असते. तिला पाणी लागत नाही आणि ती लवकर भरते. पण तिचे खोके कोणीही उघडायचे नाही. गावातल्या हुशार पोरानेही नाही. आत तिची स्वतःची राखण करणारी यंत्रणा असते. ती तोडून तार जोडली तर आगीला आमंत्रण.

विजेचे गणितही सांगते, कारण बिलावरून गटात भांडणे होतात. ४८ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे ४.८ युनिट. चार्जिंगमध्ये थोडी वीज वाया जाते, म्हणून रिकामी बॅटरी पूर्ण भरायला सहा युनिट धरा. आपल्या दराने गुणा आणि वहीत लिहा. म्हणजे कोणाच्या मीटरवर किती गेली, हे तोंडी सांगावे लागणार नाही.

चार्जिंग कुठे करायचे?

ही जिवाची गोष्ट आहे, म्हणून नीट ऐका. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत एका घरात स्कूटरची बॅटरी काढून रात्री चार्जिंगला लावली होती. पहाटे तिचा स्फोट झाला. सात वर्षांचा मुलगा भाजला आणि काही दिवसांनी दगावला. त्या घरातल्या माणसांनी काही वेगळे केले नव्हते. आपण सगळे मोबाईल लावतो तशीच त्यांनी बॅटरी लावली होती.

म्हणून झोपतो त्या खोलीत चार्जिंग नाही. घराला एकच दार असेल तर त्या दारातही नाही. उद्या आग लागली तर बाहेर पडायचे कुठून? गाडी उघड्या शेडमध्ये, कडबा, सरपण, डिझेलचा कॅन यांपासून लांब उभी करा. चार्जिंग होताना शिसे-आम्लाच्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. तो दिसत नाही, त्याला वासही नाही, पण ठिणगीने भडकतो. म्हणून गाडीशेजारी बिडी नाही, आगकाडी नाही.

प्लग तीन पिनांचा आणि १६ अँपिअरचा हवा, अर्थिंग असलेला. पातळ वायरीला जोड देऊन, वर चिकटपट्टी लावून चार्जर जोडू नका. अर्ध्या तासाने प्लगला हाताची पाठ लावून पाहा. गरम लागला तर बंद करा आणि वायरमनला दाखवा. तारांवर आकडा टाकून तर मुळीच नाही. ती चोरी आहेच, शिवाय त्या विजेवर चार्जर जळतो आणि माणूसही. चार्जर ज्या गाडीचा त्याच गाडीला. शिशाच्या बॅटरीचा चार्जर लिथियमला लावायचा नाही.

हात लावण्याआधी

बॅटरीच्या खटावर पाना लावण्याआधी मुख्य स्विच बंद करा. मग हातातल्या धातूच्या बांगड्या, पाटल्या, अंगठी काढा. मंगळसूत्र पोलक्याच्या आत घाला. पाना किंवा पाटली दोन टोकांना एकदम टेकली तर क्षणात लालभडक होते. तारा काढताना आधी वजा, जोडताना वजा शेवटी. टोकांवर हिरवा-पांढरा क्षार आला तर कोरडा हात लावू नका, हातमोजे घाला, पुसून घ्या आणि वर व्हॅसलिनचा पातळ हात द्या. ॲसिड अंगावर उडाले तर हळद-तेल काही लावत बसू नका. वाहत्या स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटे धुवा. डोळ्यात गेले तर धुता धुताच दवाखान्याची सोय करा.

चालवताना

या गाडीचा मोठा गुण म्हणजे तिला आवाज नाही. मोठा धोकाही तोच. आपल्या गल्लीतले पोर, कोंबडी, उंबऱ्यावर बसलेली आजी, कोणालाच ती आलेली कळत नाही. वळणावर हॉर्न द्या. मागे घेताना आधी गाडी पूर्ण थांबवा, मग रिव्हर्सचे बटण, आणि मागे एक माणूस उभा करा.

आणखी एक. डिझेलची गाडी चालू आहे की बंद, हे कानाला कळते. ही चालू असली तरी गप्प असते. आपल्याच एका वाडीत माल भरताना चावी तशीच राहिली. एक पोरगा पुढे चढला आणि आधारासाठी त्याने मूठ धरली. मूठ पिळली गेली आणि गाडी उडी मारून भिंतीवर गेली. मधे त्याची बहीण उभी होती. तिचा पाय मोडला. आज ती चालते, देवाची कृपा. पण त्या दिवसापासून आपला नियम एकच : सीटवरून उतरलात की चावी काढा, हँडब्रेक लावा, मगच जमिनीवर पाय. चावी कमरेला, गाडीला नाही.

ओझ्याचे म्हणाल तर कायद्याने ई-कार्टमध्ये ३१० किलोपर्यंत माल न्यायला परवानगी आहे. ५० किलोचे सहा कट्टे म्हणजे ३०० किलो. सातवा कट्टा चढवू नका. गाडी त्याहून मोठ्या प्रकारची असेल तर तिचा आकडा आरसीवर लिहिलेला असतो, तो वाचून घ्या. जास्त ओझ्याने बॅटरी तर लवकर उतरतेच, पण मुख्य म्हणजे ब्रेक लागायला जागा जास्त लागते. गाडी तीन चाकांची आहे, पुढे एकच चाक. कट्टे खाली आणि मधोमध ठेवा, वर वर रचू नका, वळणावर हळू या.

आणि कट्ट्यांवर माणसे बसवायची नाहीत. मला माहीत आहे, बाजाराचा दिवस असतो, मावशी थकलेली असते, "पोरी, ने की वेशीपर्यंत" म्हणते. नाही म्हणताना जीव तुटतो. तरी नाही म्हणा. मालगाडीत माणसे बसवणे कायद्यात बसत नाही, आणि अपघात झाला तर विमा हात वर करतो. मावशीला पुढच्या एसटीची वेळ सांगा, तिचे गाठोडे मात्र घेऊन या.

उतारावर चावी बंद करून गाडी सोडू नका. ब्रेक आणि दिवे दोन्ही हाताशी राहिले पाहिजेत. काट्यावर लक्ष ठेवा. बॅटरी अर्धी झाली की परतीचा विचार करा, कारण येताना चढ असू शकतो. साडीचा पदर किंवा ओढणी खोचून, गाठ मारून बसा. रोज सकाळी चार गोष्टी तपासायच्या : हवा, ब्रेक, दिवे-हॉर्न आणि खालून कुठे तार लोंबते का. चाकात हवा कमी असेल तर तीच बॅटरी कमी अंतर जाते.

पावसाळ्यात आपल्या नळकांडी पुलांवरून पाणी जाते. वाहत्या पाण्यात गाडी घालायची नाही, मग पाणी घोट्याएवढे का असेना. मोटर आणि तिच्या तारा खालच्या बाजूला असतात, आणि पाण्याचा जोर आपल्याला दिसतो त्यापेक्षा जास्त असतो. धुतानाही पाइपचा फवारा मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. बॅटरी बुडाली, पडली, फुगली, तिला वेगळा वास आला किंवा फुसफुस आवाज आला तर चार्जिंगला लावू नका. धूर दिसला तर गाडी सोडा, माणसे लांब न्या, धुरात उभे राहू नका आणि ११२ लावा. गाडी पुन्हा मिळेल.

हे सगळे कशासाठी?

मुंबईजवळच्या माथेरानला मोटारींना बंदी आहे. तिथे कितीतरी वर्षे माणूस माणसाला हातरिक्षातून ओढत होता. त्या रिक्षा ओढणाऱ्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. डिसेंबर २०२२ मध्ये तिथे ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला, आणि ६ ऑगस्ट २०२५ रोजी न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. म्हणजे बॅटरीची गाडी ही काही शहरातल्या लोकांची हौस नाही. माणसाच्या अंगावरचे ओझे तिने उतरवायचे आहे. आपल्याकडे ते ओझे बाईच्या डोक्यावर आहे : पाणी, सरपण, हळद, सीताफळे. हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात आपली हळद आपल्या गाडीतून पोचली, तर भाव ठरताना आपली ताई तिथे स्वतः उभी असते. टेम्पोवाल्याची घाई तिच्या मागे नसते.

पण गाडी फुकट चालत नाही. बॅटऱ्या कधीतरी जाणारच. म्हणून दर फेरीला वीस रुपये बॅटरीच्या डब्यात टाका. दिवसाला दोन फेऱ्या, महिन्याला पंचवीस दिवस, वर्षातले आठ महिने धरले तरी आठ हजार होतात. दोन वर्षांत सोळा हजार. नवा संच घेताना निदान सावकाराच्या दारात पहिले पाऊल पडणार नाही. जुन्या बॅटऱ्या विक्रेत्याला परत द्या, त्यांचे पैसे वजा होतात. वाडीत फोडून शिसे काढू देऊ नका. ते मातीत आणि पोरांच्या पोटात जाते.

आता शेवटचे. ऊसतोडीला निघण्याआधी गटाची बैठक घ्या. मागे कोण राहणार आहे ते ठरवा : एखादी आजी, शाळेत जाणारी मुलगी, अंगणवाडीची ताई. तिला दाखवून द्या. शिशाची बॅटरी पूर्ण भरून, पाणी पाहून ठेवायची आणि महिन्यातून एकदा पुन्हा भरायची. लिथियमची अर्ध्याच्या आसपास ठेवायची आणि महिन्याला काटा बघायचा. गाडी थोडी पुढे-मागे करायची. तारीख वहीत लिहायची. हे काम तासाभराचे आहे, पण कोणाच्या तरी नावावर असले पाहिजे. माझ्या खणातल्या चावीवर कोणाचेच नाव नव्हते.

यंदा पहिल्या गटाने ती चावी एका आजोबांना दिली आहे. त्यांना लिहिता येत नाही. दर महिन्याला ते वहीत नातीकडून तारीख लिहून घेतात आणि खाली स्वतःचा अंगठा उमटवतात. तीन अंगठे मी पाहिले. मागच्या आठवड्यात चावी फिरवली. दिवा लागला.