मासिक पाळी : नोंद आणि निदान



आम्ही हिशेबाची माणसे. नोंदीचे मोल जाणतो. एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढील पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंतचे अंतर प्रौढ स्त्रीत साधारणतः २१ ते ३५ दिवस, तर रक्तस्राव २ ते ७ दिवस असतो. नुकतीच पाळी आलेल्या मुलींत हे अंतर ४५ दिवसांपर्यंत जाऊ शकते. दोन-चार दिवसांचा फरक हा आजार नव्हे.

मात्र तासातासाला पॅड बदलावे लागत असल्यास, अथवा पाळी बंद होऊन वर्ष लोटल्यावर रक्तस्राव झाल्यास तपासणी अवश्य करावी. बीडमधील ऊसतोड भगिनींच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांची २०१९ मध्ये शासकीय समितीस चौकशी करावी लागली. निदानावाचून भीतीपोटी शस्त्रक्रिया नको. दिनदर्शिकेवर दरमहा खूण करावी व ती डॉक्टरांस दाखवावी, ही नम्र विनंती.